पैलवानाची माफी कुठे मागायची?

पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असा तपशील वगळून :

बेळगाव जिल्ह्यातले एक वार्ताहर लिहितात. दिवसा ते एका सहकारी संस्थेत नोकरी करतात आणि बऱ्याच वर्षांपासून एका मराठी दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतात. त्यातही कुस्तीच्या जास्त. मानधन नावापुरतं. पाच आठवड्यांपूर्वी शेजारच्या गावात जत्रेचं मैदान झालं. त्या संध्याकाळी त्यांना जाता आलं नाही. रात्री कमिटीतल्या एका ओळखीच्या सदस्याचा फोन आला : पहिल्या क्रमांकाची कुस्ती ‘नुरा’ झाली, दोघं आधीच ठरवून आले होते, म्हणून आम्ही इनाम रोखलंय. पान सोडायची वेळ झाली होती. त्यांनी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पैलवानांच्या नावांसह ती छापून आली, आणि डेस्कने, म्हणजे कार्यालयातल्या उपसंपादकांनी, दिलेला मथळा बातमीहून कडक होता.

आठवड्याने त्यांनी मैदानाचा व्हिडिओ पाहिला. कुस्ती चांगली अर्धा तास झाली होती. मग गोकाककडच्या पैलवानाचा खांदा निखळला आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. पंचांना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं. तोवर कात्रण व्हॉट्सॲपवर फिरलं होतं, एका कन्नड पोर्टलने बातमी उचलली होती, आणि दोन गावांनी या पैलवानांना दिलेलं बोलावणं मागे घेतलं होतं. वार्ताहरांनी संपादकांकडे खुलासा छापण्याचा विषय काढला. संपादक म्हणाले, ‘‘लोक विसरलेत, आता कशाला उकरता? सीमाभागात मराठी पेपर चालवतोय आपण. आपणच आपली चूक छापली तर दुसरे हसतील. त्या पोराची पुढे एखादी चांगली बातमी लावू.’’ वार्ताहर आपल्या तालुक्यातल्या पैलवानाच्या घरी जाऊन आले, चहा घेतला, पण विषय काढायला जीभ रेटली नाही. ते विचारतात : घरी जाऊन माफी मागितली तर पुरे का? फोन करणाऱ्याचं नाव सांगून टाकू का? की वार्ताहरकीच सोडून देऊ?

उत्तर :

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मी अडलो ते त्याआधीच्या एका ओळीपाशी. तुम्ही लिहिलंय, ‘‘मी फक्त मिळालेली माहिती दिली, मथळा तर डेस्कने केला.’’ हे खरंच आहे. डेस्कला विचारलं तर ते म्हणतील, वार्ताहराने लिहिलं त्यावर आम्ही मथळा केला. संपादक म्हणतील, पान माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. कमिटीवाला म्हणेल, मी सहज बोललो, छाप म्हटलं नव्हतं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडी चूक येते, आणि ती सगळी मिळून त्या दोन पोरांच्या अंगावर पडते. त्यांना डेस्क आणि वार्ताहर यांतला फरक माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की पेपरात आलं. तेव्हा तुमच्या वाट्याची चूक किती, हा हिशेब नंतर करू. बातमीत आरोप होता आणि तो आरोप ज्यांच्यावर होता त्यांना तुम्ही फोन केला नव्हता, हे तुमच्या हातातलं होतं. तिथपासून सुरुवात करू.

आता ‘लोक विसरलेत’ याबद्दल. कोण विसरलं? सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारा विसरला असेल. पण कुस्तीच्या दुनियेत ती बातमी कुणासाठी महत्त्वाची होती? पुढच्या जत्रेची जोड लावणाऱ्या कमिट्यांसाठी. ते विसरलेले नाहीत, हे तुमच्याच पत्रात आहे. दोन बोलावणी गेली.

इथे कुस्तीची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि मला वाटतं तुमच्या संपादकांनी तिचा विचार केलेला नाही. क्रिकेटच्या सामन्याबद्दल पेपरात काही चुकीचं आलं तरी धावफलक असतो. मॅटवरच्या स्पर्धेत गुणपत्रिका असते, संघटना असते, दाद मागायची पद्धत असते. गावच्या मैदानात मातीत कुस्ती झाली की हलगी थांबते, माणसं घरी जातात, आणि कागदावर काही उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जे येतं तीच त्या कुस्तीची नोंद. कोण कुणाबरोबर लढला, कुठल्या डावावर जिंकला, कुणाला कितीचं इनाम मिळालं, हे पोरगा कात्रणं जपून सांगतो. वस्ताद तीच कात्रणं पुढच्या कमिटीला दाखवतो. म्हणजे तुमच्यासारख्या मानधनावर काम करणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहराकडे असा अधिकार आहे जो मोठ्या शहरातल्या क्रीडा पत्रकाराकडेही नाही : या पोरांच्या कारकिर्दीचं एकमेव दप्तर तुम्ही लिहिता. त्या दप्तरात खोटी नोंद पडली आहे आणि ती विसरली जाणार नाही. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, ‘‘हाच का तो नुरावाला?’’

तुम्हाला ऑगस्ट २०२३ मधली हीथ स्ट्रीकची बातमी आठवत असेल. झिम्बाब्वेचा हा माजी कर्णधार वारल्याचं जगभर छापून आलं, आपल्याकडच्या मोठमोठ्या माध्यमांनीही दिलं. तो जिवंत होता, आजारी होता, आणि त्याला स्वतःला ‘मी आहे’ असं सांगावं लागलं. ज्याने ही बातमी पसरवली त्याने माफी मागावी असं तो म्हणाला. काही तासांत सगळ्यांनी दुरुस्ती केली. का केली? कारण तो स्ट्रीक होता, त्याचा शब्द जगभर पोचत होता. (पुढच्याच महिन्यात, ३ सप्टेंबरला, त्याचं खरोखर निधन झालं.) तुमच्या पैलवानांकडे असं काही नाही. त्यांचं म्हणणं पोचवायची जागा एकच होती, ती म्हणजे तुमचा पेपर, आणि तीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

विसरण्याबद्दल याहून मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. त्यात जे गेले त्यांची संख्या अखेर ९७ झाली. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर, आम्ही सत्य सांगतो आहोत असा मथळा देऊन, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर किळसवाणे आरोप केले : त्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांना मारलं. सगळं खोटं होतं. त्या दैनिकाने पहिल्या पानावर पूर्ण माफी मागितली ती सप्टेंबर २०१२ मध्ये, स्वतंत्र चौकशीचा अहवाल आल्यावर. म्हणजे २३ वर्षांनी. एवढ्या काळात लिव्हरपूल विसरलं का? आजही त्या शहरात कितीतरी दुकानं तो पेपर ठेवत नाहीत आणि कितीतरी घरं तो घेत नाहीत.

पण हे उदाहरण मी दिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या बातमीला सूत्र नव्हतं असं नाही. सूत्र होतं आणि वरवर पाहता भरवशाचं होतं : पोलिस, आणि एक खासदार. चूक कुठे झाली? मैदानावर बंदोबस्त कुणाकडे होता? पोलिसांकडे. गर्दी हाताळण्यात कोण चुकलं होतं? पोलीस. ज्याच्यावर ठपका येणार होता तोच दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि पत्रकाराने ‘हा असं का सांगतोय’ एवढं स्वतःला विचारलं नाही. आता तुमच्या बातमीकडे पाहा. इनाम कुणाला द्यायचं होतं? कमिटीला. कुस्ती ‘नुरा’ ठरली तर पैसे कुणाचे वाचणार होते? कमिटीचे. फोन कुणी केला? कमिटीतल्या माणसाने. तुम्ही पत्रात त्याचं वर्णन ‘विश्वासातला माणूस’ असं केलंय. तो एरवी विश्वासातला असेलही. जत्रेची तारीख, कुस्त्यांची यादी, पाहुण्यांची नावं याबाबत त्याचा शब्द घ्यायला हरकत नाही. पण या एका प्रश्नात तो पक्षकार होता. माणूस विश्वासाचा असणं आणि त्या विशिष्ट गोष्टीत त्याचा हितसंबंध नसणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि दुसरी विचारायची राहिली.

इथे एक सांगतो. माफीची मागणी आली की लगेच नमावं, असं माझं मत नाही. २००४ साली ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजकांबद्दल संशय छापला. त्याने खटला भरला, आणि २००६ मध्ये पेपरला पैसे मोजून प्रकरण मिटवावं लागलं. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीची सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली. बातमी खरी होती, तिच्याविरुद्ध खटला भरणारा खोटा होता. उद्या तुमच्याकडे पुरावा असता, दोन साक्षीदार असते, पंच डळमळीत बोलले असते, तर मी तुम्हाला ठाम राहा असंच म्हटलं असतं. ‘नुरा’ होतात, त्या उघड करणं हे वार्ताहराचंच काम आहे. पण तुमच्याकडे पुरावा आहे तो उलट बाजूचा. व्हिडिओ आहे, पंचांचा शब्द आहे, निखळलेला खांदा आहे. त्यामुळे इथे दोन बाजू तोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता संपादकांच्या त्या वाक्याकडे येतो, ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त गप्प केलंय असं मला पत्रावरून वाटतं : सीमाभागात मराठी पेपरने आपली चूक छापू नये.

या भावनेची मुळं मला कळतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाला सरकारी कागद, पाट्या, फलक यांत आपली भाषा शोधावी लागते. पेपर हे इथे नुसतं बातम्यांचं साधन राहिलेलं नाही. घरात मराठी जिवंत ठेवणारी ती वस्तू आहे. पोरगं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातं आणि मराठी वाचायला शिकतं ते आजोबांच्या पेपरवर, खेळाच्या पानावर. म्हणून तर मी उलट म्हणतो. ज्या वाचकाला दुसरा पेपर घेण्याची सोय आहे त्याला फसवणं वाईट आहेच. ज्या वाचकाने भाषेपोटी तुमचा हात धरलाय त्याला खोटं वाचायला देणं त्याहून वाईट आहे. आणि हसण्याचं म्हणाल तर कोण हसेल? तो व्हिडिओ मराठी माणसांनी पाहिलाय, कन्नड माणसांनीही पाहिलाय. मैदानात दोन्ही भाषांचे लोक एकत्र बसले होते. पेपरात काय आलं आणि डोळ्यांनी काय पाहिलं हे त्यांना ठाऊक आहे. चूक लपलेली नाही, फक्त कबुली लपली आहे.

‘द हिंदू’ने २००६ साली वाचकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र ‘वाचकांचा संपादक’ नेमला. दुरुस्त्या आणि खुलासे ठरलेल्या जागी छापायची त्यांची रीत आहे, अगदी आकडा किंवा नाव चुकलं तरी. त्याने त्या पेपरचा भरवसा कमी झाल्याचं कुणी म्हणत नाही. जो पेपर नावाचं चुकलेलं अक्षरही दुरुस्त करतो, त्याच्या बाकीच्या मजकुरावर माणूस विसंबतो.

आणि आता एक गोष्ट जी तुम्हाला लागेल, पण लिहायलाच हवी. तुमच्या पत्रात ‘आपल्या तालुक्यातला पोरगा’ पुनःपुन्हा येतो. त्याची आई, त्याचा खुराक, त्याचं बुडालेलं इनाम, सगळं आहे. गोकाककडच्या पैलवानाबद्दल मात्र एक वाक्य आहे, आणि तेही खांदा निखळल्याचं सांगण्यापुरतं. तुम्ही एका घरी गेलात. दुसऱ्या घरी जाण्याचा विचारही पत्रात नाही. वास्तविक दुखापत झाली ती त्याला. खांदा निखळलेल्या अवस्थेत तो घरी गेला आणि सकाळी त्याला कळलं की आपण नाटक केलं असं छापून आलंय. तो मराठी वाचत नसेल, त्याला कुणीतरी भाषांतर करून सांगितलं असेल, किंवा त्या कन्नड पोर्टलवर त्याने वाचलं असेल. त्याच्या वाट्याला अन्याय जास्त आला आणि तुमच्या मनात जागा कमी.

यात तुमचा द्वेष नाही, हे मला माहीत आहे. ओळखीच्या माणसाचं दुःख लवकर दिसतं. पण कुस्तीला ही सीमा कधी मानवली नाही. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरात घडले आणि १९५९ साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले. त्यांना आपलं म्हणताना ना कोल्हापूरने राज्य विचारलं, ना बेळगावने. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात आजही दोन्ही भाषांत आरोळ्या उठतात. माफीत दोन्ही पैलवानांची नावं बरोबरीने यायला हवीत, आणि ती माफी कन्नडमध्येही त्या पैलवानापर्यंत पोचायला हवी.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : घरी जाऊन माफी मागा, जरूर मागा, पण ती पुरी नाही. बदनामी चारचौघांत झाली. घरातल्या माफीने तुमचं मन हलकं होईल, पण कमिटीच्या वहीत खोडलेलं नाव परत येणार नाही. त्यासाठी माफी पेपरातच हवी, बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे.

जायच्या आधी एक काळजी घ्या. खुलासा छापायचा म्हणजे आरोप पुन्हा एकदा छापायचा. काही जणांना ते नको असतं. तेव्हा दोघांना आधी विचारा : कसं छापलेलं तुम्हाला चालेल, नाव घालू का, काय लिहू? त्यांच्या वस्तादांना सोबत घ्या. गोकाककडे जाताना कन्नड नीट बोलणारं कुणी बरोबर असू द्या. आणि तिथे स्पष्टीकरण देत बसू नका. डेस्क, पान सोडण्याची वेळ, फोन, हे सगळं तुमच्या दृष्टीने खरं आहे, पण ते ऐकणं हे त्यांचं काम नाही. ते रागावले तर ऐकून घ्या.

खुलाशाचा मजकूर साधा असावा. असा काहीसा :

‘‘दिनांक … च्या अंकात … येथील कुस्ती मैदानाची बातमी प्रसिद्ध झाली होती. पहिल्या क्रमांकाची कुस्ती पैलवान … आणि पैलवान … यांनी संगनमताने केली, असे तीत म्हटले होते. ते खरे नाही. पैलवान … यांच्या खांद्याला दुखापत झाल्याने पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली होती. बातमी देण्यापूर्वी आम्ही पैलवान, त्यांचे वस्ताद किंवा पंच यांच्यापैकी कोणाशीही बोललो नव्हतो. ही आमची चूक आहे. दोन्ही पैलवानांची आणि वाचकांची आम्ही माफी मागतो.’’

यात ‘भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्य येऊ देऊ नका. भावनांचा प्रश्न नाही, घडलेल्या गोष्टीचा आहे. वेबसाइटवर जुनी बातमी असेल तर ती गुपचूप काढून टाकू नका. तिच्या डोक्यावर तारखेसह दुरुस्ती लिहा, म्हणजे कात्रण घेऊन कुणी शोधायला आला तर त्याला खरं काय ते तिथेच मिळेल. खुलाशाचं चित्र करून ते त्याच व्हॉट्सॲप गटांवर टाका जिथे कात्रण फिरलं होतं. त्या कन्नड पोर्टललाही पाठवा आणि लेखी कळवा की मूळ बातमी चुकीची होती.

संपादकांची ‘पुढे चांगली बातमी लावू’ ही तोड मात्र स्वीकारू नका. ती पुष्कळ ठिकाणी वापरली जाते आणि वरून दयाळू दिसते. पण कौतुकाने आरोप पुसला जात नाही, वाचक दोन्ही लक्षात ठेवतो. शिवाय ज्या पोराकडे आपलं देणं आहे त्याचं कौतुक छापणं ही बातमीच राहत नाही.

संपादकांशी बोलण्याआधी तयारी करा. व्हिडिओ, पंचांचं सहीचं निवेदन, शक्य असेल तर दवाखान्याचा कागद. हे सगळं पत्रासोबत लेखी द्या, तोंडी नको. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारनिकषांत आहे की छापण्याआधी मजकूर पडताळावा, आणि चूक लक्षात आल्यावर संपादकाने तातडीने, योग्य ठळकपणे दुरुस्ती छापावी, चूक गंभीर असेल तर माफीसह. पेपरच्या तळाशी बारीक अक्षरात संपादकांचं नाव छापलेलं असतं, ते या जबाबदारीसाठीच. त्यांना धमकावू नका, आठवण करून द्या. वकिलाला मजकूर दाखवायचा असेल तर जरूर दाखवा म्हणावं. त्यात एखादा शब्द बदलला तर बिघडत नाही, अर्थ बदलू नये.

आणि आता अवघड भाग. पैलवानांना त्यांचे हक्क तुम्ही स्वतः सांगायला हवेत, ते तुमच्याविरुद्ध जाणारे असले तरी. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि त्याआधी संपादकाला लेखी कळवावं लागतं. तुमच्या बातमीला पाच आठवडे झाले आहेत. म्हणजे ‘बघू, सवडीने’ म्हणत तुम्ही जो वेळ घालवत आहात तो त्यांच्या खात्यातून जातोय. तक्रारीसोबत कात्रण आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. पण ‘ही बातमी चुकीची होती’ असा कागद पैलवानाच्या हाती येणं ही मोठी गोष्ट आहे. भरपाईचा दिवाणी दावा करायचा तर मुदत एक वर्षाची आहे. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि तिला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ल्यासाठी जाता येतं. तुम्हाला भीती वाटेल की हे सांगून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. मला अनुभवाने वाटतं की वेळेवर, मोकळेपणाने माफी मागितलेल्या पत्रकाराला कोर्टात खेचण्याची इच्छा फार थोड्यांना असते. पण ती असली तरी तो त्यांचा निर्णय. त्यांना अंधारात ठेवून तो तुम्ही घेऊ नये.

संपादकांनी नकारच दिला तर? मग तुमच्या हातात एक गोष्ट उरते आणि ती कमी नाही. ‘ही बातमी मी पाठवली होती, मैदानात मी हजर नव्हतो, पडताळणी केली नव्हती, नंतर मिळालेल्या माहितीवरून ती चुकीची असल्याचं मला कळलं आहे,’ असं सहीचं पत्र दोन्ही पैलवानांना द्या. ज्या दोन गावांनी बोलावणं मागे घेतलं तिथे ते पत्र आणि व्हिडिओ घेऊन स्वतः जा. त्यांना पोरांना घ्याच असा आग्रह करू नका, ते तुमचं क्षेत्र नाही. जे खरं ते सांगा आणि परत या. यामुळे पेपर तुमच्यावर नाराज होईल, कदाचित काम काढून घेईल. ही किंमत मी कमी करून सांगत नाही. पण जो कागद पेपरने द्यायला हवा होता तो निदान तुमच्याकडून त्यांना मिळेल.

फोन करणाऱ्याच्या नावाबद्दल. प्रथम आठवा, ‘माझं नाव घेऊ नका’ असं तो म्हणाला होता का आणि तुम्ही हो म्हणाला होतात का? नसेल, तर तो बोलला ते कमिटीचा सदस्य म्हणून, आणि ‘कमिटीकडून मिळालेल्या माहितीवर’ असं लिहायला काही अडचण नाही. वचन दिलं असेल तर गोष्ट वेगळी. सूत्राने खोटं सांगितलं तर वचन मोडायला हरकत नाही असं काही पत्रकार मानतात. मी या प्रकरणात तसं करणार नाही, कारण तो जाणूनबुजून खोटं बोलला की त्याने गर्दीतली कुजबुज पुढे पाठवली, हे तुम्हाला अजून माहीत नाही. त्याला भेटा, विचारा. शिवाय त्याचं नाव आधी बाहेर आलं तर सगळी चर्चा त्याच्यावर जाईल आणि तुमचा खुलासा मागे पडेल.

इनाम अजून कमिटीकडेच आहे, ही खरी एक बातमी आहे. ती छापून यायला हवी, पण ती तुम्ही करू नका. या प्रकरणात आता तुम्हीही एक पक्ष आहात. दुसऱ्या वार्ताहराकडे सोपवा.

हे वाचणाऱ्या इतर तालुका वार्ताहरांसाठी, आणि यूट्यूबवर मैदानं दाखवणाऱ्या पोरांसाठीही, एवढं सांगतो. मैदानाला गेला नसाल तर बातमीच्या माथ्यावर डेस्कसाठी लिहा : ‘प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोनवरून.’ कुणावर आरोप असेल तर ज्याच्यावर आहे त्याला, पंचांना आणि बघ्यांपैकी कुणाला तरी विचारल्याशिवाय तो पाठवू नका. रात्री कुणी फोन उचलला नाही तर जेवढं पक्कं आहे तेवढंच द्या : कुस्ती बरोबरीत सुटली, कमिटीने इनाम राखून ठेवलंय, पैलवानांशी बोलणं झालं नाही. आरोप एक दिवस थांबू शकतो. जत्रेची बातमी उद्या आली म्हणून कुणाचं अडत नाही. खुराकाला घरची म्हैस विकलेल्या पोराचं एका ओळीने अख्खा हंगाम अडतो.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, वार्ताहरकी सोडू का. आत्ता नको. आत्ता सोडलीत तर खुलासा छापून आणण्यासाठी आतून धडपडणारा एकमेव माणूस बाहेर पडेल, आणि संपादकांना ‘तो वार्ताहर आता आमच्याकडे नाही’ म्हणायची सोय होईल. आधी या आठवड्यात गोकाकला जाऊन या, मग आपल्या तालुक्यातल्या घरी. त्यानंतर लगेच संपादकांना लेखी पत्र द्या आणि उत्तरासाठी ठरावीक दिवसांची मुदत त्यातच लिहा, म्हणजे नकार आला तरी पैलवानांना तक्रारीसाठी वेळ उरेल. काम सोडायचं की नाही ते खुलासा छापून आल्यावर, किंवा येणार नाही हे पक्कं झाल्यावर ठरवा.